घरबसल्या पीएचडी

माझ्याइतकी सोपी पीएचडी कोणी केली नसेल, असं मी छाती ठोकून सांगत सुटलो होतो! अर्धी तत्त्वज्ञानाची, अर्धी मानवी भूगोलाची. विषय, 'माणसाला घर आपलं का वाटतं'. बाकीचे बिचारे अभ्यासासाठी डोंगरदऱ्या तुडवतात. मी म्हटलं, आपल्याला घर हवंय ना, ते आहेच की! चहा पीत पीत, पायात चप्पलसुद्धा न घालता काम उरकू.

अडचण एकच. गाईड दोन! तत्त्वज्ञानवाल्या बाई म्हणायच्या, "आधी प्रश्न विचारा." भूगोलवाले सर म्हणायचे, "आधी मोजा." दोघांचं आजवर एका स्वल्पविरामावरसुद्धा जमलेलं नव्हतं. त्यात विभागाने बजावलं, या खेपेला दोघांचा होकार आला नाही तर तुमचं नाव कमी! इतकी वर्षं बायकोने एकटीने नोकरी करून घर ओढलं होतं. तिला तोंड कसं दाखवणार होतो मी?

म्हणून दोघांचंही ऐकायचं ठरवलं. सुरुवात आईपासून. सरांच्या सांगण्याप्रमाणे टेप लावून तिची खोली मोजली, फरशीवर खडूने रेघा मारल्या. मग बाईंचा प्रश्न काढला.

"आई, तू नसलीस तर या खोलीचं काय होईल?"

मटार सोलता सोलता आईचा हात थांबला. "मी कुठे चाललेय?"

"तसं नाही गं. समजा, तू नाहीसच."

"समजा?"

"हो. मग ही खोली कोणाला आपली वाटेल? मला की दादाला?"

हे कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही, अशी सरांची ताकीद होती. कळलं की माणसं ठरवून उत्तरं देतात म्हणे. तेव्हा मी नुसता गूढ हसलो. ते हसणं फार महागात पडलं!

मी पाठ वळवताच आईने दादाला फोन लावला. "धाकट्याने घर मोजायला काढलंय रे! माझ्या खोलीत रेघा मारल्यात! आणि मी नसल्यावर खोली कोणाची, असं विचारतोय. हसत हसत!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाईड माझं काम बघायला घरी यायचे होते. बेल वाजली, मी नवा शर्ट घालून दार उघडलं, तर समोर दादा!

"वाटणी हवी तर तोंडाने माग ना! आईच्या जिवावर कशाला उठलास?"

मी तोंड उघडणार, तोच पुन्हा बेल. दारात बाई. अंगात काळा कोट, बगलेत फायली. त्यांच्यामागे सर, हातात लांबलचक टेप.

"वकील आणि मोजणीवाला!" दादा गरजला. "सगळी तयारी करूनच बसलाय!"

सरांनी सवयीने टेप सोडली. दादाने तिचं टोक पकडलं. "इंचभर मोजायचं नाही!" सर ओढतायत, दादा ओढतोय!

"अरे दादा, ते माझे सर आहेत!"

"असू देत! या कोपऱ्यात मी गोवराने फणफणलो होतो, आई इथून हललीसुद्धा नव्हती. हा कोपरा कोणी मोजून दाखवाच!"

त्याला शांत करायला बाई पुढे झाल्या. "हे बघा, खरं तर कुठलंच घर कोणाचं नसतं."

आईने हंबरडा फोडला. "म्हणजे विकलंसुद्धा?"

"अगं आई, हा माझा अभ्यास आहे!" मी किंचाळलो. "घर आपलं का वाटतं, त्याचा!"

टेपचं टोक हातात धरून दादा माझ्याकडे बघत राहिला.

"मग सरळ विचारायचं की, गाढवा!"

आणि तो त्याच कोपऱ्यात बसून सांगायला लागला. आई त्याला मध्येमध्ये दुरुस्त करत होती. "मला कोणी विचारलंच नाही," असं म्हणत बायकोही येऊन बसली आणि सांगू लागली, की दमून आल्यावर दाराबाहेर माझ्या फाटक्या चपला दिसल्या की तिला घर आल्यासारखं वाटतं. सर फरशीवर मांडी घालून नकाशा काढत होते, बाई कोटाच्या बाहीने डोळे पुसत होत्या. निघताना दोघं एकदमच म्हणाली, "हेच लिहा!" आणि दचकून एकमेकांकडे बघत राहिली.

तेच लिहिलं. प्रबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात. बायकोने घर ओढलं, दादाने टेप ओढली आणि आईने वेळेवर फोन केला, म्हणून हे काम उभं राहिलं, असं मनापासून लिहून आईला वाचून दाखवलं. तिने पदराने डोळे टिपले.

"छान लिहिलंयस रे. फक्त शेवटी एक ओळ घाल."

"कोणती?"

"आई अजून कुठेही जात नाहीये."

घातली! महिनाभराने प्रबंध तपासून परत आला. पानोपानी बाईंच्या लाल खुणा, त्यांवर सरांच्या हिरव्या. माझं एकही वाक्य धड उरलं नव्हतं. दोघांनीही हात न लावलेली ओळ अख्ख्या प्रबंधात एकच होती, आणि ती माझी नव्हती!