सात हडळींच्या सुलट पावलांची बखर

श्री भयहारिणी माउली पाठीशी उभी. शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरी नाम संवत्सरी, एका राज्यात जे घडलं ते येणेप्रमाणे. राज्याचं नाव विचारू नका. पण शब्द न् शब्द खरा, गळ्याची शप्पथ, खोटं असेल तर जीभ झडो, ऐकताय ना!

थोरले महाराज गादीवर असता हडळीचा एक शिनेमा निघाला, आणि त्यात हडळ दिसलीच नाही. रिकाम्या घरात जमिनीवर पीठ सांडलेलं, आणि त्यात आपोआप पावलं उमटत जायची, टाचा पुढं नि बोटं मागं, हडळीची असतात तशी, एकेक करत चुलीपर्यंत, बारा पावलं, बस्स. आणि तेवढ्यावर प्रजा अशी भ्याली, की वर्षभर कुणाच्या हातून पीठ सांडलं तर अख्खं घर अंगणात येऊन उभं राहायचं. ती पावलं रेवूबाईची. ती पिठातून उलटी चालली होती, आणि मग कात्री लावून तिला काढली आणि पावलं तेवढी ठेवली. चेहरा नाही, नाव नाही. रेवूबाईची जन्माची मिरास म्हणजे ती बारा पावलं.

मग थोरले महाराज कैलासवासी झाले आणि धाकटे गादीवर विराजमान झाले, आणि थोरल्यांची पगडी त्यांच्या कानांवर उतरली, आणि लोक मनात म्हणाले, हाही दुसरा भागच. आणि महाराज बोलते झाले, "आबासाहेबांच्या वेळी एक हडळ, तीही न दिसणारी. आम्ही सात दाखवू!" खेळकर्ते गिरमाजीपंत मुजरा करून म्हणाले, "सरकार, आठ करू की." "सातच. आणि आमचा खेळ लागला की जुन्याच्या रिळांची पेटी जाळा. जुना उरलाच नाही, म्हणजे आमचा दुसरा तोच पहिला!" दरबार वाहवा करता झाला.

हे कानावर आलं तशी रेवूबाई पंतांकडे गेली. "पंत, दुसरा काढा, दहावा काढा, पण पहिला जाळता कशाला?"

"बाई, तुम्ही त्यात दिसता तरी कुठं?"

"म्हणून तर लोक भ्याले."

"ते असू द्या. उलटी पावलं काढलीत कशी, तेवढं सांगा."

"उलटं चालून."

पंतांनी लिहून घेतलं. आणि रेवूबाईनं पाहिलं तर कोपऱ्यात कारागिरांनी घडवलेले रबरी पाय, सात जोड, टाचा पुढं नि बोटं मागं. पाहिलं आणि तोंड मिटून घरी आली.

मग भर दुपारी बारा वाजता तंबूत खेळ लागला, महाराज पुढच्या गादीवर बसते झाले, आणि पडद्यावर सात हडळी रबरी उलटे पाय बांधून, वर पंतांच्या हुकमानं उलट्या चालत आल्या. आता उलट्याचं उलटं! पिठात पावलं उमटली ती तुमच्या-आमच्यासारखी सुलट. आणि मागचं दिसेना म्हणून एकमेकींवर आदळल्या, आणि सातवी चुलीत बसली.

"अगो बाई, या तर चांगल्या घरच्या!" बघणाऱ्यांतल्या एकीनं म्हटलं.

"पाहुण्या आल्यात, चहा टाका!" दुसरी ओरडली, आणि तंबू हसून हसून आडवा झाला.

महाराज लालबुंद झाले. "तो जुना डोक्यात आहे म्हणून हसतायत मेले! जाळा पेटी, आत्ताच!"

रेवूबाई गर्दीतून सटकली, आणि तिनं भजीवालीच्या डब्यातलं पसाभर पीठ उचललं, आणि पेटी ठेवलेल्या कोठीच्या दाराकडे तोंड करून, मागं पीठ भुरभुरत मागं मागं सरकत आली, बारा पावलं, आणि भिंतीआड उभी राहिली. मग महाराज, कारभारी, पंत, आणि मशाल घेऊन शिपाई, असे पोहोचले आणि थबकले. दाराला कुलूप, कुलपावर सरकारी लाख, आणि पिठात आत गेलेली पावलं. बाहेर आलेलं एकही नाही.

"सरकार, आत कुणीतरी गेलंय," शिपाई बोलला.

"कुलूप बाहेरून आहे, गाढवा!"

"तेच म्हणतो सरकार."

आणि मशाल खाली पडून विझली, आणि महाराज कारभाऱ्यांच्या खांद्यावर आरूढ झाले, आणि तिथूनच बोलते झाले, "आबासाहेबांच्या खेळाची सर आमच्या खेळाला नाही, हे आम्ही कबूल करतो. पेटी राहू द्या." भिंतीआड रेवूबाईनं पिठाचे पाय लुगड्याला पुसले.

एवंच, पहिल्या खेळानं काय झाकलं ते ज्याला कळलं नाही, त्यानं सात दाखवल्या काय नि सत्तर. पेटी जागेवर आहे, कुलूप कुणी काढलेलं नाही.

आता शप्पथ घेतलीय म्हणून सांगायला हवं, एक गोष्ट पदरची आहे. महाराजांनी कबूल केलं ते. राजे कधी असं म्हणतात होय? ते खांद्यावरून एवढंच म्हणाले, "आज मुहूर्त बरा नाही, उद्या जाळू." आणि तो उद्या अजून उजाडला नाही.