उजवीकडून पुसलेला आकडा

आमच्या वाडीत चाळीसेक घरं, पण भाऊ मास्तरांचा घर नंबर सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. निदान नव्या पोस्टमनला तसं वाटलं होतं. पडवीच्या भिंतीवर चुन्याने वीतभर आकडे लिहिलेले: ७३९३९१३३.

मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच पुरता भाग देऊ शकत नाही, ती मूळ संख्या. तिच्यावर त्यांचा भारी जीव. पडवीत माणूस सापडला की सुरू. "उजवीसून एकेक आकडो पुसत जा. उरता तो परत मूळच. शेवटाक एकटो सात रवता, तोय मूळ." ही करामत याहून मोठ्या संख्येला जमत नाही म्हणत. "ह्येच्या फुडे कोण नाय," हे सांगताना त्यांचा आवाज उगाच खाली येई.

आकडा लिहिला तेव्हा घरात आठ माणसं होती. वडील गेले, त्या दिवशी स्मशानातून येऊन मास्तरांनी ओल्या फडक्याने शेवटचा तीन पुसला. मग आई गेली. पुढे थोरले दोघे भाऊ, दोघी वहिन्या. दर वेळी फडकं फिरे आणि मास्तर समाधानाने सांगत, "अजून मूळच आसा." लोक त्या पडवीसमोरून भराभर चालू लागले. शेवटी ७३ उरले. मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, आक्का.

गेल्या पावसाळ्यात आक्काने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. भेटायला येणारे आधी भिंतीकडे बघत, मग तिच्याकडे. काही तर भिंत बघूनच परत जात.

एका सकाळी तीन नव्हता. नुसता सात. बायका जमल्या, कुणी लाकडांचं बघायला गेलं. मी आत शिरलो, तर आक्का खाटेवर बसून पेज पीत होती. बाहेर कोण वारलं, म्हणून तिनेच मला विचारलं.

मास्तर मागीलदारी बसले होते, हातात फडकं. हा काय प्रकार, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्यांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं.

"पुसून ठेवलंय," मग हळूच म्हणाले. "तो परत इलो तर आपण हंयसर येवन गेलंय, असा वाटांदे त्येका."

कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आक्का सावरली. पण तेव्हापासून तिची लुगडी माजघरातच वाळतात आणि ती पडवीत येत नाही. परवा रस्त्यावरून जाताना मी सवयीने मोठ्याने विचारलं, आक्का बरी आहे ना? मास्तर लगबगीने फाटकाशी आले. एरवी मालवणीखेरीज न बोलणारा हा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत, कचेरीत बोलावं तसं स्वच्छ म्हणाला, "इथे मी एकटाच राहतो."

आत चाललेला नारळ खवण्याचा आवाज थांबला.