वितोलमुइझाची फिनलंडवाली

हे कुणी खरं मानणार नाही. मानूही नका. मला स्वतःला चार-पाच वेळा सांगून झाल्यावर कुठे ते पटायला लागलं. काल माझ्या नावदिवसाला, म्हणजे कॅलेंडरात ज्या तारखेला माझं नाव छापलेलं असतं त्या दिवशी, जमलेल्या मंडळींनाही मी आधी हेच बजावलं, कॉफीचा घोट घेतला आणि मग सुरुवात केली.

तर आमच्या लात्वियातल्या येल्गावा शहरात क्लावदिया जाखारोव्हना नावाची एक रशियन बाई राहते. वय सत्तरीच्या पुढे. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं; आता जीव अडकला आहे तो गावाबाहेरच्या बागेच्या तुकड्यात, काळ्या करंटच्या, त्या आंबटगोड बारीक फळांच्या, झुडपांमध्ये. पेन्शन लवकर सुरू होते म्हणून तिनं एके काळी रशियाचं नागरिकत्व घेतलं. तेव्हा ते पडदे बदलण्याइतकं साधं वाटलं होतं. मग रशियानं युक्रेनवर स्वारी केली, राजधानी रीगातल्या पुढाऱ्यांची डोकी तापली आणि फर्मान निघालं: रशियाचे नागरिक असाल तर लात्वियनची परीक्षा द्या, नाहीतर राहण्याचा परवाना विसरा. नापास झाली तर क्लावदियाला रशियात, प्स्कोव्हला पुतण्याकडे जावं लागणार होतं. पुतण्याची बायको काकडीच्या लोणच्यात साखर घालते, एवढीच माहिती तिच्याजवळ होती आणि ती पुरेशी होती.

शिकायला तिची ना नव्हती. पुस्तक आणलं, शिकवणी लावली. अडचण बोलण्याची आली. ती बेकरीत गेली आणि घोकून ठेवलेलं वाक्य लात्वियनमध्ये म्हणाली, "नमस्कार. मला एक राईचा पाव द्याल का?"

पाववालीनं उच्चार ऐकले आणि लगेच रशियनमध्ये विचारलं, "कापून देऊ, मावशी?"

"अगं, माझ्याशी लात्वियनमध्ये बोल ना."

"कशाला जिभेला त्रास देता? मला येतं की रशियन!"

डॉक्टर तसाच, बसवाला तसाच. रशियन न येणारी नवी पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची. आम्ही लात्वियन माणसं अशीच. समोरचा अडखळला की आम्हालाच अवघडतं आणि आम्ही त्याच्या भाषेत उडी मारतो. मग घरी जाऊन टीव्हीपुढे बसून म्हणतो, "पन्नास वर्षं इथे राहिले, पण भाषा शिकले का मेले?"

एक दिवस सकाळी रेडिओवर त्या दिवशी कुणाकुणाचा नावदिवस ते सांगत होते. क्लावदियाच्या डोक्यात वीज चमकली. नावदिवसाला आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही. कॅलेंडरात ज्याचं नाव, त्यानं कॉफी आणि केक मांडून बसायचं आणि येईल त्याला "या, बसा" म्हणायचं. "आपण कोण?" असं विचारणं म्हणजे दार तोंडावर आपटणं. म्हणजे रोज कुठे ना कुठे लात्वियन माणसं टेबलाभोवती बसून बोलत असणार आणि तिला हाकलू शकणार नाहीत!

येल्गावात तिला सगळे ओळखत होते. म्हणून तिनं तीन ट्युलिप घेतली आणि बसनं वितोलमुइझा हे गाव गाठलं. तिथल्या वाचनालयाच्या मुख्य बाई जेनोवेवा यांचा नावदिवस होता. क्लावदिया आत गेली, फुलं दिली, शुभेच्छा दिल्या. जेनोवेवाबाईंनी उच्चार ऐकले, हसल्या आणि रशियनमध्ये बोलायला तोंड उघडणार, इतक्यात क्लावदियानं घाबरून लात्वियनमध्ये ठोकून दिलं, "मी फिनलंडची!"

खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग कुणीतरी बशी खाली ठेवली.

"फिनलंडच्या? आणि आमची भाषा शिकताय?"

"हो."

"कशासाठी हो?"

"सुंदर आहे म्हणून."

झालं! जेनोवेवाबाईंनी तिच्या ताटात केशर घातलेल्या वेटोळ्या केकचा मधला, सगळ्यात जाड तुकडा वाढला. जगात आपल्याला कुणी विचारत नाही अशी ज्यांची खात्री, त्यांच्याकडे पाहुणी फिनलंडहून आली होती. आता तिला सगळे सावकाश, मोठ्यानं, हातवारे करून लात्वियन बोलू लागले. ती चुकली की टाळ्या वाजवायचे.

क्लावदिया दर आठवड्याला जाऊ लागली. आज पोस्टातली मेल्डीने, उद्या औषधाच्या दुकानातला गाइडिस. लोक विचारत गेले, तसं तिला फिनलंड रचावं लागलं. नाव एर्या. जन्म हेलसिंकीचा. नवरा एइनो, वनरक्षक होता, आता हयात नाही. एकदा गाइडिसनं आपला भाचा पुढे केला. तो फिनलंडमध्ये दोन उन्हाळे स्ट्रॉबेरी तोडून आला होता. त्यानं फिनिशमध्ये काहीतरी विचारलं.

क्लावदियाला फिनिशचा एक शब्द येत नव्हता. पण लेथवर आयुष्य काढलेली बाई ती. छातीवर हात ठेवून म्हणाली, "माफ कर बाळा. मी व्रत घेतलंय. वर्षभर लात्वियनशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही."

गाइडिसला हुंदका फुटला. भाच्याला दटावून तो म्हणाला, "शिक काहीतरी, गाढवा!"

व्रताची गोष्ट नगरसेवक विस्वाल्डिसच्या कानावर गेली. निवडणूक जवळ आली होती आणि त्याच्या भाषणात भाषेशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यानं वितोलमुइझाच्या लायलॅक फुलांच्या महोत्सवात तिला मंचावर चढवलं, गळ्यात मानाची ओकच्या पानांची माळ घातली आणि माइकवर गरजला, "बघा या एर्याबाईंकडे! वर्षभरात शिकल्या! आणि आमच्या इथल्या त्या रशियन आज्या? पन्नास वर्षांत 'नमस्कार' येत नाही! लाज वाटली पाहिजे त्यांना!"

"लाज वाटली पाहिजे," क्लावदिया म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेपरवाल्यानं फोटो काढला.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरच्या बाकावर पंधरा-वीस म्हाताऱ्या भेदरलेल्या कोकरांसारख्या बसल्या होत्या. भिंतीवर कुणीतरी उमेदवारांना हुरूप यावा म्हणून पेपरातलं एक पान चिकटवलं होतं. ओकच्या माळेतली एर्या त्यातून हसत होती.

"ही बया कोण गं?" एकीनं विचारलं.

"फिनलंडची आहे म्हणे. हौसेनं शिकते!"

"हिला काय जातंय हौस करायला? हिला कुणी काढणार आहे का घरातून? हिच्यामुळे आपल्याला शिव्या."

"मेली भोचक," क्लावदिया म्हणाली आणि रुमाल डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला.

लेखी झाली. तोंडीला आत बोलावलं. परीक्षक बाईंनी पासपोर्ट उघडला. जन्म प्स्कोव्हचा, नागरिकत्व रशियाचं.

"तुमच्याबद्दल सांगा," त्या म्हणाल्या.

क्लावदियानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याबद्दल सांगायला आपल्याजवळ शब्दच नाहीत. लेथला काय म्हणतात? कारखान्यातल्या पाळीला? फोरमनला? नवरा पळून गेला हे कसं सांगतात? वर्षभरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. घड्याळ टिकटिकत होतं. परीक्षक बाई पेन हातात घेऊन थांबल्या होत्या. डोळ्यांपुढे काळ्या करंटची झुडपं आली आणि त्यांच्या मागून साखर घातलेलं लोणचं.

"मी हेलसिंकीत जन्मले," क्लावदिया म्हणाली.

आणि मग नळ फुटावा तशी बोलत सुटली. थंडीतलं समुद्राचं पाणी, जंगलातलं लाकडी घर, कुत्रा, एइनोच्या दाढीवरचा बर्फ. परीक्षक बाईंनी एकदा पासपोर्टकडे पाहिलं, एकदा उघड्या दारातून भिंतीवरच्या फोटोकडे, एकदा तिच्याकडे. पेन खाली ठेवलं.

क्लावदिया थांबली. "बाई, मी..."

"पुढे बोला," परीक्षक बाई म्हणाल्या. "आम्ही इथे भाषा तपासतो. खरं-खोटं तपासायचं खातं वेगळं आहे."

इथवर सांगून मी काल टेबलावरच्या मंडळींकडे नजर फिरवली. सगळे चमचे थांबले होते. मग मी आवाज खाली आणला.

"आणि मग एइनो तळ्यावरच्या बर्फात खचून बुडाला, तो प्रसंग तिनं असा सांगितला, असा सांगितला की परीक्षक बाई टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या आणि रडता रडताच त्यांनी तिला पास केलं!"

"साफ खोटं!"

टेबलाच्या त्या टोकाला क्लावदिया जाखारोव्हना उभी राहिली होती. हातात केकची सुरी. माझ्या अर्ध्या पाहुण्यांना ती कोण हेच ठाऊक नव्हतं.

"रडल्या-बिडल्या काही नाहीत. सर्दी होती त्यांना," ती चोख लात्वियनमध्ये म्हणाली. "पासचं पत्रही महिन्यानं पोस्टानं आलं. आणि लोकांना काहीही काय सांगता हो, विलिस? माझा एइनो बुडाला नाही. न्यूमोनियानं गेला. आमच्या घरी, माझ्या मांडीवर."