बिराजदार सरांचा कान

बिराजदार सर वर्गाकडे पाठ करून शिकवायचे. खुर्चीच मुळी भिंतीकडे तोंड करून मांडलेली. टायपिंगच्या मास्तराला डोळ्यांचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मागं मशीनं खडखडायची आणि हे चुन्याच्या पोपड्यांकडे बघत बोलायचे, "तीन नंबर, करंगळी झोपली. सहा नंबर, खाली बघू नकोस, अक्षरं पळून जात नाहीत." तीन नंबरवर मी असायचो. माझी करंगळी खरंच झोपलेली असायची.

सोलापुरात साखर पेठेत, आमच्या शेजारच्या माडीवर त्यांचा क्लास होता. माणूस अक्कलकोटकडचा, घरची भाषा कानडी. त्यामुळं रागावले की मराठी संपायची आणि एकच शब्द उरायचा, "साकु." म्हणजे पुरे. बिघडलेल्या हाताला साकु, खानावळीत भाजी वाढणाऱ्याला साकु, स्थळ घेऊन आलेल्या मामालाही साकु. सर एकटेच राहिले ते असे. कुणाशी बोलत बसले की समोरच्याचं बोलणं बोटांनी मांडीवर टाईप करून टाकायचे, आणि तो फार लांबला की वैतागायचे. ओळ संपली तरी हा थांबत कसा नाही म्हणून.

शाबासकीही त्यांच्याकडे एकच होती. "हात मोकळा लागला." ती कुणाला मिळाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मला म्हणाले, "तू आपला गिरणीत चिकट." मी चिकटलो, टाइमकीपर झालो. पण संध्याकाळी त्यांच्या माडीवर जाऊन बसायची सवय काही सुटली नाही.

दुष्काळ ओसरला त्या वर्षी पद्मा आली. विणकराची मुलगी, घरी तेलगू, बाप यंत्रमागावर. सर पट्टीनं टेबलावर ठेका द्यायचे आणि मुलांनी त्या ठेक्यावर अक्षरं टाकायची, अशी तिथली रीत. हिची अक्षरं पट्टीच्या पुढं पळायला लागली.

"कुणाच्या ठेक्यावर चाललीस?" सरांनी भिंतीला विचारलं.

"मागाच्या, सर. घरात दिवसभर तोच असतोय की."

"हे टायपिंग नव्हे. ही मागाची खटखट."

बोलले खरे, पण त्या दिवसापासून वर्ग सुटला की दार लावून सर स्वतः सराव करायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना सराव करताना कधी पाहिलं नव्हतं. शिकवणारा माणूस शिकणाऱ्या पोरीला घाबरला होता, दुसरं काय.

खंडेनवमीला क्लासात मशीनांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मग शर्यत. एका मशीनवर सर, शेजारी त्या वर्षीचा सगळ्यात चलाख विद्यार्थी, उतारा एकच. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते; ज्याची घंटी आधी, तो पुढं. जिंकेल त्यानं नारळ फोडायचा. नारळ दर वर्षी सरच फोडायचे आणि हरलेल्याला खोबरं जरा जास्त द्यायचे.

त्या वर्षी पहिली घंटी पद्माची वाजली. दुसरीही तिचीच. तिसऱ्या ओळीला सर थांबले. "माझं मशीन जड आहे. बदला." तिनं निमूट मशीन बदललं आणि त्या जड मशीनवर पुन्हा पुढं निघून गेली. सरांनी चष्मा पुसून पुसून तिचा कागद तपासला. चूक सापडेना. ती समोर उभी होती. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता म्हणतील, हात मोकळा लागला. सरांनी नारळ तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "साकु. उद्यापासून येऊ नकोस."

पोरगी तसाच नारळ घेऊन रडत घरी गेली. मला सरांचा इतका राग आला की दिवाळी होईपर्यंत मी माडी चढलो नाही.

पुढं पद्मानं गल्लीच्या टोकाला स्वतःचा क्लास काढला. खाली चुलत्याच्या मागांची शेड, वर लाकडी जिन्याची खोली. सरांच्या नाकावर टिच्चून काढला, असं पेठेतले लोक चवीनं सांगत फिरले. मुलं तिकडं वळायला लागली, पण त्याला दुसरंच कारण होतं. एक दिवस सर भिंतीकडे बघत म्हणाले, "पाच नंबर, करंगळी झोपली." पाच नंबरवर कुणी बसलंच नव्हतं. मुलं फिदीफिदी हसली. ते हसणंही सरांना ऐकू गेलं नाही. पाच नंबरला ते समजावत राहिले.

कान गेले होते. सरांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोललं तरच कळायचं. माडी ओस पडली. मग संध्याकाळी फिरायला म्हणून सर निघायचे आणि पद्माच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, पाय दुखतात. एक तळवा पायरीच्या लाकडावर, दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर चाललेली. सर कधी वर गेले नाहीत, ती कधी खाली येऊन बोलली नाही. दोघंही सारखीच हट्टी.

पद्माचं लग्न भिवंडीत ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली.

"अण्णा, सर माझ्या हाताबद्दल काय बोलले का हो कधी?"

"बोलतील की," मी म्हणालो.

"आता कधी? आज मागून दोनदा हाक मारली. वळले नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही गं."

"ते ठाऊक आहे मला. पण माझा हात ऐकायलाच येऊन बसतात नव्हं?"

दुसऱ्या दिवशी ती गेली, क्लासला कुलूप लागलं. सरांना कुणी सांगितलं नसणार, म्हणून धीर करून मीच निघालो. सर पायरीवर होते. शेडमधले माग दणदणत होते आणि सगळा जिना त्यानं थरथरत होता. पाय टेकवला तर मलाही कळत होतं. सरांचा तळवा लाकडावर, बोटं गुडघ्यावर, चेहरा कधी नव्हे इतका निवांत. मला बघून हसले.

"लाकडातून सगळं येतंय बघ. काय चाललीय पोरगी आज. हात मोकळा लागला तिचा." मग म्हणाले, "ऐकतोस ना?"

मी वर कुलपाकडे बघितलं. मग त्यांच्यासमोर वाकलो, त्यांना नीट दिसेल अशी मान हलवली, आणि शेजारी पायरीवर बसलो.