साळवेकाकांचे उघडे डोळे

आमचे शेजारी साळवेकाका प्रार्थना करताना डोळे मिटत नाहीत. टक्क उघडे ठेवतात आणि वर आजूबाजूला बघत राहतात. मूळचे बेळगावचे, सारी नोकरी बंगळुरात झाली. बायको सुशीला जाऊन बरीच वर्षं झाली, आता इथंच एचएसआर लेआउट वस्तीत एकटेच असतात. कुणी टोकलं की म्हणतात, "स्वल्प बघितलं तर देव काय रागावतोय होय?"

एकदा आमच्याकडे जेवायला होते. "हे प्रभो, या अन्नाबद्दल आम्ही तुझे... वहिनी, तुमच्या ताटात पोळी कुठाय?... आभार मानतो." आमेनच्या आधी त्यांची अर्धी पोळी माझ्या ताटात आलीसुद्धा. आमचे हे हसून बेजार.

चर्चमधल्या मंडळींना मात्र हसू येईना. नाताळच्या उपासनेतली शेवटची प्रार्थना वर्षानुवर्षं काकांची. तेवढा एकच मान त्यांच्या वाट्याला होता आणि त्यावर त्यांचा फार जीव होता. यंदा उपासना मोबाइलवर सगळीकडे दिसणार होती. पाळकसाहेबांनी बजावलं, "काका, लोक बघणार आहेत. या वेळी डोळे मिटा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याला सांगावं लागेल." बिचारे आमच्या गॅलरीत डोळे मिटून सराव करत बसले.

नाताळला त्यांनी आम्हालाही नेलं. नवा कोट घालून काका माइकपुढे उभे राहिले, डोळे घट्ट मिटले. सुरुवात सुरेख झाली. पण त्यांना राहवेना. डोळे उघडले आणि थांबलेच. मागच्या बाकावर एक अनोळखी बाई तोंडाला पदर लावून रडत होती. काका सरळ खाली उतरले, तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "काय झालं, अक्का?" कॅमेऱ्यात नुसता माइक. उरलेली प्रार्थना पाळकसाहेबांनी घाईघाईनं उरकली.

मान गेला. परतताना रिक्षात मला त्यांचा रागच आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

"थोडा वेळ मिटले असते डोळे, तर काय बिघडलं असतं हो काका?"

काका रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आमची सुशीला चर्चमध्येच गेली, वहिनी. मी प्रार्थना करत होतो. तेव्हा माझ्या प्रार्थनेचं भारी कौतुक व्हायचं बघा. ती शेजारीच उभी होती. छातीत कळ आली तिच्या. माझी बाही ओढत होती. मी काही डोळे उघडले नाहीत."

रिक्षा सिग्नलला थांबली.

"मला वाटलं, प्रार्थना लांबली म्हणून ओढतेय."