मामांचं अस्तर

"इथे झाड, घर, माणूस काही काढायचं नाही," चित्रकलेच्या बाईंनी संध्याकाळच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "अमूर्त चित्र. नुसते रंग लावायचे."

"एवढंच? ते तर मी पस्तीस वर्षं लावतोय," मामा म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मामा म्हणजे घरं रंगवणारे रंगारी. शिडी चढणं सुटल्यापासून घरी बसून होते. आयुष्यभरात शेकडो भिंती त्यांनी गुळगुळीत केल्या, पण त्या सगळ्या लोकांच्या घरातल्या. मामींनी त्यातली एकही पाहिली नव्हती. त्यांच्या वाट्याला आले ते मामांच्या कपड्यांवरचे डाग. वर्गाचं प्रदर्शन भरणार हे कळलं तेव्हाच मामांनी ठरवलं, एकदा तरी हिला आपलं काम दाखवायचं.

नवं कापड रंग किती पितं ते बघायला त्यांनी कॅनव्हासवर तांबड्याचे चार सणसणीत फटके मारले. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"मामा, काय ताकद आहे हो हाताला!"

"हे अस्तर आहे बाई, खालचा पहिला हात. अजून कशात काही नाही."

बाईंना हा विनय वाटला. पुढच्या आठवड्यात मामांनी तांबड्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि वरून निळा दिला. बाई हळहळल्या, पण निळाही असा उतरला की त्या पुन्हा तिथेच खिळल्या. मग निळा झाकला, वर हिरवा आला. वर्गात शेजारी बसणारे दातांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून एकाच ठिपक्यापाशी अडले होते. ते स्वतःचं सोडून मामांचंच चित्र बघत बसत. मामांना मात्र सगळ्या वर्गाची कीव येई. चांगली शिकलीसवरलेली माणसं, आणि झाडून सगळी कामं अर्धी टाकून घरी जात होती.

"आता याला हात लावू नका. तुम्हाला माझी शपथ," प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाई म्हणाल्या.

मामांना भरून आलं. बाई मनाने फार मोठ्या, कच्च्या कामालाही नावं ठेवत नाहीत. पण म्हणून आपण अंग चोरायचं? दुसऱ्या दिवशी लवकर येऊन त्यांनी चित्राला शेवटचा हात दिला. फिका बदामी, एकसारखा, ब्रशची रेघ शोधूनही सापडू नये असा.

रविवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून मामींना घेऊन आले आणि दारातच थबकले. चित्राच्या मधोमध वीतभर पोपडा उडाला होता.

"हे कुणी केलं?"

दातांचे डॉक्टर पुढे आले. हातात दात कोरायचं हत्यार होतं. "मी, मामा. सकाळी चित्र बघून बाई रडायलाच लागल्या. म्हटलं, वरचं काढून खालचं वाचवावं."

"अहो, वाळलेल्या कामाला हात लावतं का कुणी!" मामांचा आवाज चिरकला. "आज पहिल्यांदा हिला दाखवायला आणलं होतं."

खिशात भेगा भरायच्या लांबीची डबी आणि ती लावायचा पत्रा होताच. ते भोक बुजवायला सरसावले, तोच मामींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा जरा." त्या नाक टेकेल इतक्या वाकल्या. बदामीखाली हिरवा, त्याखाली निळा, तळाशी धगधगता तांबडा. "हे सगळं तुम्ही केलंत?"

"ते खालचं. ते दिसायचं नसतं."

"लोकांच्या भिंतींनाही खालून एवढं करायचात?"

"म्हणजे काय! त्याशिवाय वरचा रंग टिकतो होय?"

मामींचे डोळे पाणावले. "आणि मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही नुसता वरून रंग फासून येता." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, तो डावा कोपराही खरवडा की थोडा."

डॉक्टरांनी उत्साहाने हत्यार लावलं. मामांनी दोन मिनिटं कसंबसं सोसलं.

"सरका. वाकडं चाललंय तुमचं."

आणि मामा पत्रा घेऊन, कड सरळ धरून, स्वतःच्याच शेवटच्या हाताची साल काढायला लागले. एकेक करत पाहुणे गोळा झाले. डोळे पुसत बाईही आल्या.

"मागे व्हा जरा, उजेड अडवू नका," मामा वळूनही न बघता म्हणाले.

सगळे मागे झाले. मामी तेवढ्या हलल्या नाहीत.