लिफ्टमालेचा तिसरा भाग

पुस्तक वाचून त्यावर मत देणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. ते कोणालाही जमतं. पुस्तक मधे येऊ न देता मत देण्याला मात्र शिस्त लागते, आणि ती एका दिवसात अंगी बाणत नाही. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात जे रसिक मंडळ भरायचं, त्याने ही शिस्त बऱ्याच वर्षांच्या मेहनतीने कमावली होती.

मंडळाची पद्धत साधी होती. नव्या पुस्तकाची प्रत एकच घ्यायची (दुसरी घेतली की पहिलीचा मान जातो), ती पाळीपाळीने घरी न्यायची, आणि महिनाअखेरीस झाडून सगळ्यांनी आपलं लेखी मत पेटीत टाकायचं. सभासद चाळीसच्या घरात. महिन्याभरात पुस्तक फिरून फिरून फिरणार किती, तर आठ घरं. मग उरलेल्यांनी मत कशावर द्यायचं, असा प्रश्न मागे एका गृहस्थांनी विचारला होता. (ते आता सभासद नाहीत.) पुस्तक घरी नेलेल्यांची मतं आणि न नेलेल्यांची मतं शेजारी शेजारी ठेवली, तर कुठलं कोणाचं हे लिहिणाऱ्यालाही ओळखता यायचं नाही. मंडळ याला अभिरुचीतली एकवाक्यता म्हणत असे, आणि दरवर्षीच्या अहवालात तिचा अभिमानाने उल्लेख होत असे.

वाचनालय सांभाळायच्या ग्रंथपालबाई. त्यांचं आणि मंडळाचं कधी वाजलं नव्हतं, कारण आजवर मंडळाने ज्यांना झोडपलं ते सगळे परके लेखक होते. या खेपेला पेटीसमोर बाईंचा सख्खा थोरला भाऊ उभा होता.

दादांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत, तेलकट हातांनी त्यांनी एक गोष्ट रचली: पृथ्वीवरून थेट चंद्रावर जाणारी लिफ्ट असते, आणि ती अर्ध्या वाटेत बंद पडते. आत थोडे उतारू आणि एक लिफ्टवाली. ती रोज उठली की धोक्याची घंटा दाबते. ऐकायला आसपास हजारो कोस कोणी नाही, तरी दाबते. पहिल्या भागाने लोकांना वेड लावलं. दुसरा निघाला, तोही हातोहात गेला. मंडळातले लोकसुद्धा याला प्रेमाने लिफ्टमाला म्हणू लागले. चौथ्या भागात लिफ्ट सुटणार होती, पण त्याआधी तिसरा भाग लोकांच्या पसंतीला उतरायला हवा होता, कारण दादांनी बहिणीला स्पष्टच सांगून ठेवलं होतं.

"लोकांना नाही आवडला तर चौथा लिहीत नाही बघ. राहू दे तिला तिथेच लटकत."

लिफ्टवाली खाली येते की नाही, हे कळल्याशिवाय बाईंना चैन पडणार नव्हतं. आणि मंडळाच्या सभेत काय ठरेल ते दादांपासून लपून राहणार नव्हतं; मंडळाचं मत प्रकाशक छापील जाहिरातीत वापरायचे, निदान चांगलं असेल तेव्हा.

म्हणून बाईंनी एक घाई केली. दुकानांच्या आधी आपल्या मंडळाला पुस्तक मिळावं, म्हणजे लोकांना मोठेपणा वाटेल आणि मतं जरा मऊ पडतील, या हिशेबाने त्या स्वतः बाइंडरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि गठ्ठ्यातली पहिली प्रत उचलून घेऊन आल्या. बाइंडर मागून काहीतरी ओरडत होता. बाईंना वाटलं, अभिनंदन करतोय.

महिना सरला. पेटी उघडली. बाईंनी एकेक मत वाचायला घेतलं. शेवट घाईघाईने गुंडाळला आहे. शेवट उगाच लांबवला आहे. विज्ञान कमी पडलं. विज्ञानाचा मारा फार झाला. लिफ्टवालीला प्रेमात पाडायची काही गरज नव्हती. पहिल्या भागातला श्वास इथे धाप झाला आहे. (हे वाक्य तिघांनी लिहिलं होतं, तिघांनीही स्वतःचं म्हणून.) आणि मध्यावर पुस्तक ढेपाळतं, हे तर जवळजवळ सगळ्यांनीच. फक्त मंडळातल्या एका विमा एजंटने 'कागद बरा आहे' असं लिहून आपली तटस्थता राखली होती.

खरं सांगायचं तर बाईंनीही पुस्तक वाचलं नव्हतं. न आवडलं तर दादाला कुठल्या तोंडाने सांगू, या धास्तीने त्यांनी ते उघडलंच नव्हतं, आणि भाऊ विचारी तेव्हा महिनाभर "सुंदर झालंय रे" म्हणत वेळ मारून नेली होती.

सभेच्या दिवशी सकाळी त्यांना आठवलं, की घाईत या प्रतीवर शिक्का मारायचाच राहिला. प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारायची पद्धत होती. मुखपृष्ठ फाडून कोणी पुस्तक लांबवलं तरी ते ओळखता यावं म्हणून. बाईंनी शाई लावली, पुस्तक हातात घेतलं, पण एकतिसावं पान काही उघडेना. पहिली घडी तेवढी बाइंडरने कापली होती; सोळाव्या पानापुढे सगळी पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून जशी घडी घालून आली होती तशीच. बाकीच्या कडा कापायच्या आधीच त्यांनी ती प्रत उचलून आणली होती. आठ घरं फिरून पुस्तक परत आलं होतं, आणि कडेला नखाचा ओरखडाही नव्हता.

बाईंना आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग असा आनंद झाला की त्या कितीतरी वेळ शिक्का हातातच धरून बसल्या. एकाही माणसाने पुस्तक वाचलं नाही म्हटल्यावर ते पडलं तरी कसं म्हणायचं?

सभेत त्यांनी प्रत सगळ्यांसमोर धरली आणि जोडलेली पानं दाखवली. खालून इस्त्रीच्या वाफेचा आवाज तेवढा येत होता. मग अध्यक्षांनी चष्मा पुसला. ते निवृत्त दंतवैद्य होते.

"बाई, मी जन्मभर दात बघितले. माणूस दारातून आत आला की तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं, कुठली दाढ गेलीय ते."

"आणि पानं जोडलेली आहेत हे आठ जणांच्या लक्षातही येऊ नये," संगीतशिक्षिका म्हणाल्या, "यावरूनच दिसतं की पुस्तकाची पकड किती कमी आहे."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. चर्चा समाधानकारक झाली. पानं कापल्यास मतांमध्ये फरक पडण्याचा धोका संभवतो, सबब यापुढे मतनोंदणी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही पुस्तकाची पानं कापू नयेत, असा ठराव एकमताने झाला. विमा एजंटने अनुमोदन दिलं.

बाई पुस्तक घेऊन तरातरा घरी आल्या. स्वयंपाकघरात बसून भाजीच्या सुरीने त्यांनी पानं कापायला घेतली. एक घडी कापायची, वाचायची, पुढची कापायची. मंडळाच्या नाकावर टिच्चून सांगता येईल असं एखादं तरी वाक्य त्या शोधत होत्या. दुपार कलली, शेवटची घडी कापून झाली, आणि बाईंनी सुरी खाली ठेवली.

पुस्तक मध्यावर ढेपाळत होतं.

असं ढेपाळत होतं की हात टेकावेत. पानंच्या पानं उतारू लिफ्टमध्ये किती वजन चालतं यावर वाद घालत होते. बाईंना मंडळाचा आला नव्हता एवढा राग दादाचा आला. पुस्तक काखेत मारून त्या तडक त्याच्या घरी गेल्या.

दादा खिडकीशी बसले होते. सभेची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. "तू सुंदर म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"वाचलं नव्हतं तेव्हा. आज वाचलं. पडलंय, दादा."

दादांनी मान खाली घातली.

"ते वजनाचं चऱ्हाट एक वेळ चालवून घेतलं असतं मी. पण एकशे बाराव्या पानावर ती घंटा दाबायची थांबते. का थांबते? कुठे कारण दिलंयस? दोन भाग रोज दाबत आली ती. मला रडू आलं तुझ्या या मूर्खपणाचं."

दादांनी मान वर केली. महिनाभरात त्यांना कोणी पान क्रमांक सांगितला नव्हता.

"ती नाही थांबली गं," ते हळूच म्हणाले. "मीच थांबलो होतो. लिहिताना वाटायला लागलं, ऐकतंय कोण?"

"मग मी कोण आहे?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढलाच होता.

दादांनी पुस्तक मागून घेतलं, वेड्यावाकड्या कापलेल्या कडांवरून अंगठा फिरवला, आणि एकशे बारावं पान काढून वाचत बसले. बाईंनी चहा टाकला. तो पुढ्यात निवून गेला तरी दादांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी पेन शोधायला घेतलं.

चौथा भाग यथावकाश निघाला. या वेळी कडा नीट कापलेल्या होत्या आणि एकतिसाव्या पानावर शिक्काही होता. लिफ्टवाली खाली आली की नाही, हे ग्रंथपालबाईंना पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते. मंडळाला ते अजून कळलेलं नाही, पण शेवट पटला नाही याबद्दल दुमत नाही. चौथ्याला तिसऱ्याची सर नाही, असं मत शेकडा सत्त्याण्णव सभासदांनी नोंदवलं. तिसऱ्या भागाच्या मध्यावर जो एक संथ, खोल ठहराव होता, तो लेखकाने घालवला. (उरलेल्या शेकडा तिनांना कागद बरा वाटला.)

राहता राहिली ही हकिगत. मागच्या हकिगतीइतकी ती रंगली नाही, असं तुमच्याही मनात येऊन गेलंच असेल. मागची कुठली, असं विचारून आम्ही तुम्हाला अडचणीत आणणार नाही. मंडळात जागा आहे, आणि पेटी दारातच ठेवली आहे.